यंत्राची परीक्षा घेणाऱ्या ग्रेसबाई

आमच्या ओवे गावातल्या एका मुलीला ऐरोलीच्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टरची नोकरी लागली. बीएस्सी झालेली, घरातली पहिली पदवीधर. तिची आई पेढे घेऊन आली, पण चेहरा म्हणावा तसा खुलला नव्हता. लेक प्रोग्रॅम लिहिणार नाही, दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम फक्त तपासणार, एवढं तिला कळलं होतं. दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, ही काय नोकरी? त्यात कुणा नातेवाइकानं सांगून ठेवलेलं की हे आयटीतलं दुय्यम काम, मुलींच्या गळ्यात मारतात ते.

आता मी कला शाखेची. गणिताचं आणि माझं नातं दहावीलाच संपलं. पण बचत गटाचे हिशेब तपासता तपासता एक गोष्ट मला पक्की कळली आहे, की लिहिणाऱ्यापेक्षा तपासणाऱ्याला जास्त सावध राहावं लागतं. त्या माउलीला मी अमेरिकेतल्या ज्या बाईंची गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हालाही सांगते. त्यांचं नाव ग्रेस हॉपर. संगणकाच्या जगात त्यांना फार मोठा मान आहे. कोबोल नावाची जी संगणकाची भाषा, तिच्या मुळाशी त्यांचं काम आहे, म्हणून. पण त्यांनी यंत्रांच्या परीक्षा घेतल्या, तो भाग आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही.

ग्रेस मरेचा जन्म 9 डिसेंबर 1906 चा, न्यूयॉर्कचा. वडील विम्याच्या व्यवसायात. आईला भूमितीची भारी हौस, पण तो काळ मुलींनी गणित पुढे शिकण्याचा नव्हता. आजोबा शहराचे सर्व्हेअर, म्हणजे जमिनीची मोजणी करणारे. पुढे आजारपणात वडिलांचे पाय कापावे लागले, पण मुलींनी शिकून स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. सात वर्षांची असताना ग्रेसनं घरातलं गजराचं एक घड्याळ आतून कसं चालतं ते बघायला उघडलं. ते परत जुळेना म्हणून दुसरं उघडलं. असं करत सात घड्याळं खोलून ठेवली! आईनं काय करावं? मारलं नाही, ओरडली नाही, फक्त यापुढे एकाच घड्याळाला हात लावायचा एवढा नियम केला. आपल्याकडे किती घरात हे झालं असतं, ते तुम्हीच सांगा.

सोळाव्या वर्षी व्हॅसार या मुलींच्या नामांकित कॉलेजनं तिला प्रवेश नाकारला, कारण लॅटिनमध्ये मार्क कमी. पुढच्या वर्षी तिनं तो मिळवला. 1928 मध्ये गणित आणि पदार्थविज्ञानात पदवी, 1930 मध्ये येल विद्यापीठाची एमए, त्याच वर्षी व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न आणि 1934 मध्ये गणितात पीएचडी. तोवर ती व्हॅसारमध्येच शिकवायला लागली होती. वर्गात आल्याबरोबर ती गणिताच्या मुलींना आधी निबंध लिहायला लावायची आणि त्यातली भाषाही तपासायची. गणितात भाषेचे मार्क कशाला, म्हणून मुली कुरकुरायच्या. आपल्याला काय म्हणायचंय ते दुसऱ्याला समजेल असं मांडता येत नसेल तर गणित येऊन उपयोग नाही, हे तिचं मत. मला तर ही बाई इथेच आवडली.

मग दुसरं महायुद्ध आलं. ग्रेसबाईंना नौदलात जायचं होतं. वय चौतीसच्या पुढे, वजन नियमापेक्षा सुमारे सात किलो कमी, त्यात गणिताच्या प्राध्यापक म्हणून इथेच जास्त उपयोगाच्या. तीन कारणांनी नकार. बाई मागे हटल्या नाहीत. कॉलेजातून रजा घेतली, वजनाच्या अटीतून सूट मिळवली आणि डिसेंबर 1943 मध्ये नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात वर्गात पहिल्या आल्या. जहाजावर मात्र कुणी पाठवलं नाही. 1944 च्या जुलैमध्ये त्यांना हार्वर्ड विद्यापीठात नेऊन उभं केलं ते एका यंत्रासमोर.

त्या यंत्राचं नाव मार्क वन. लांबी 51 फूट, उंची 8 फूट, वजन सुमारे पाच टन. सेकंदाला तीन बेरजा करायचं, एका गुणाकाराला सहा सेकंद लागायचे. आज आपल्या हातातला साधा मोबाइल त्याच्या कितीतरी पटीनं पुढे आहे, पण तेव्हा ते आश्चर्य होतं. प्रमुख होते हॉवर्ड एकन, शिस्तीचे कडक. आल्या आल्या त्यांनी बाईंपुढे एक किचकट गणित टाकलं आणि आठवड्यात करून मागितलं. यंत्र म्हणजे काय हे शिकायलाही वेळ नव्हता. युद्धासाठी लागणारे तक्ते रात्रंदिवस तयार व्हायचे. अणुबाँबच्या संशोधनातलं एक गणितही 1944 मध्ये तिथे सुटलं, पण ते कशासाठी आहे हे यंत्र चालवणाऱ्यांना सांगितलेलं नव्हतं. ही गोष्ट वाचताना मी जरा थांबले होते.

तर, चुकलेला तक्ता म्हणजे चुकलेला तोफगोळा. म्हणून हार्वर्डची मंडळी प्रोग्रॅममध्येच ताळा घालून ठेवायची. आलेलं उत्तर उलटं फिरवून बघायचं आणि फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर यंत्रानं आपण होऊन थांबायचं. आपण शाळेत भागाकार केल्यावर भाजकाला भागाकारानं गुणून बाकी मिळवून बघायचो ना, तसंच, फक्त ते बघण्याचं काम यंत्राकडे दिलेलं. आज ज्याला ऑटोमेटेड टेस्टिंग म्हणतात, म्हणजे तपासण्याचं काम यंत्राकडूनच करून घेणं, त्याचं बीज मला यात दिसतं.

ते प्रसिद्ध पाखरूही तपासणीच्या दिवशीच सापडलं. 9 सप्टेंबर 1947. हार्वर्डला आता मार्क टू हे नवं यंत्र होतं आणि त्याच्या चाचण्या चालल्या होत्या. सकाळी अकराला एक चाचणी लावलेली, दुपारी 3 वाजून 25 मिनिटांनी बेरजेच्या भागाची दुसरी सुरू केलेली. 3:45 ला एफ पॅनेलमधल्या 70 नंबरच्या रिलेत, म्हणजे विजेच्या उघडझाप करणाऱ्या खटक्यात, एक मेलेलं पाखरू सापडलं. ते काढून चिकटपट्टीनं नोंदवहीत चिकटवलं आणि खाली लिहिलं, की हा खराखुरा किडा सापडल्याचा पहिलाच प्रसंग. गंमत अशी की यंत्रातल्या दोषाला बग, म्हणजे किडा, म्हणायची पद्धत आधीपासूनच होती. एडिसनच्या 1878 च्या पत्रातही हा शब्द आहे. म्हणूनच तर तो विनोद झाला. पाखरू ग्रेसबाईंनी स्वतः काढलं नव्हतं, पण पुढे आयुष्यभर त्यांनी ती गोष्ट इतकी रंगवून सांगितली की लोक त्यांचंच नाव घेतात. ती वही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, पाखरासकट.

मला त्या पाखरापेक्षा ती वहीच जास्त महत्त्वाची वाटते. कोणती चाचणी किती वाजता लावली, दोष कुठे मिळाला, सगळं लिहिलेलं. आमच्या गटात मीटिंगच्या वहीचा मी आग्रह धरते तेव्हा बायका वैतागतात, पण भांडण झालं की सगळ्यांना तीच वही आठवते.

बाहेरून हे सगळं चढत्या कमानीचं दिसतं. आतून तसं नव्हतं. 1945 मध्ये ग्रेसबाईंचा घटस्फोट झाला. मूलबाळ नव्हतं. व्हॅसारनं पुन्हा बोलावलं होतं, ती कायमची नोकरी त्यांनी नाकारली, आणि हार्वर्डमध्ये बाईला कायमची जागा मिळण्याची शक्यताच नव्हती. मुदत संपली तेव्हा त्या चाळिशी ओलांडलेल्या, एकट्या. त्या काळात त्या दारूच्या आहारी गेल्या होत्या. 1949 मध्ये दारूच्या नशेत पोलिसांनी पकडल्याचीही नोंद आहे. मित्रांनी हात दिला आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या. पुरुषांच्या चरित्रात ही गोष्ट सहज येते, बाईच्या चरित्रात मात्र झाकून ठेवतात. मला ती झाकावीशी वाटत नाही. कोबोलचं काम, नौदलातली वरची पदं, सगळं काही याच्या नंतरचं आहे.

1949 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका नव्या कंपनीत त्या लागल्या. तिथे युनिव्हॅक नावाचा संगणक तयार होत होता. प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी एकमेकांच्या वह्यांतून तयार तुकडे उतरवून घेत, आणि उतरवताना हमखास चुका करत. स्वेटरचा नमुना उतरवून घेताना एक ओळ गाळली तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. ग्रेसबाईंनी विचार केला, उतरवणं हे कंटाळ्याचं काम, आणि कंटाळ्याच्या कामात यंत्र माणसापेक्षा बरं. मग तुकडे जुळवण्याचं कामही यंत्रालाच का देऊ नये? यातून 1952 च्या सुमारास त्यांचा पहिला कंपायलर आला. कंपायलर म्हणजे आपलं म्हणणं यंत्राला समजावणारा दुभाषा म्हणा. यंत्र फक्त आकडेमोड करतं, ते प्रोग्रॅम कसा तयार करणार, म्हणून बराच काळ कुणी त्याकडे लक्षच दिलं नाही.

त्यापुढची उडी आणखी मोठी. दुकानदार, कारकून, बँकेतली माणसं यांना चिन्हांची भाषा कशाला? साध्या इंग्रजी शब्दांत संगणकाला हुकूम देता यावा म्हणून त्यांनी फ्लोमॅटिक ही भाषा तयार करवली. 1959 मध्ये सरकार आणि कंपन्या मिळून सगळ्या यंत्रांवर चालेल अशी एकच भाषा करायचं ठरलं, तेव्हा पाया म्हणून फ्लोमॅटिक पुढे आली. तीच कोबोल. ती एकट्या ग्रेसबाईंनी केली नाही, त्या सल्लागार होत्या. समितीत जीन सॅमेट, बेटी होलबर्टन अशा इतरही बायका होत्या. डिसेंबर 1960 मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवला. भाषेची ती पहिली मोठी परीक्षा, आणि ती पास झाली. आपल्याकडच्या वाचकांना कोबोल आठवेल ते वर्ष 2000 च्या गोंधळामुळे. जुन्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकड्यांत लिहिलेलं, ते दुरुस्त करायला आणि तपासायला भारतातल्या कंपन्यांकडे कामाची रीघ लागली. कितीतरी मराठी घरातली मुलं त्या कामावर अमेरिका बघून आली.

1966 च्या शेवटी नौदलानं ग्रेसबाईंना निवृत्त केलं. वय साठ. सात-आठ महिन्यांत, ऑगस्ट 1967 मध्ये, परत बोलावलं, सहा महिन्यांसाठी. त्या सहा महिन्यांची एकोणीस वर्षं झाली. अडचण अशी होती की कोबोल नावाला एक भाषा, पण प्रत्येक कंपनीनं आपल्या सोयीनं तिच्यात बदल केलेले. जो तो म्हणे आमचंच खरं कोबोल. एका यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालेना. ग्रेसबाई आणि त्यांच्या गटानं वाद घातला नाही. त्यांनी परीक्षा तयार केली.

ही परीक्षा कशी, ते सांगते, कारण त्या मुलीची नोकरी इथेच समजते. भाषेतली एकेक गोष्ट घ्यायची, समजा दोन आकड्यांची बेरीज, किंवा यादी क्रमानं लावणं. तेवढंच करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहायचा. बरोबर उत्तर काय यायला हवं ते आधीच त्यात लिहून ठेवायचं. यंत्रानं काम करायचं, आलेलं उत्तर आणि ठेवलेलं उत्तर स्वतःच ताडून बघायचं, आणि पास की नापास छापायचं. शेवटी नापासांची बेरीज. असे ढीगभर छोटे प्रोग्रॅम. माणूस दमतो, दहाव्या पानावर डोळा चुकतो. ही तपासणी आज लावली, उद्या लावली, पाचशे वेळा लावली तरी तितकीच कडक. बाजारात वजनमापे खात्याचा शिक्का असतो ना, तसं झालं. 1970 च्या दशकात अमेरिकी सरकारनं खरेदीआधी कोबोल कंपायलर तपासून घेण्याची अट घातली आणि ती तपासणी नौदलाकडे आली.

आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नाही. एक शीत शिजलं म्हणून शेजारचं शिजलेलं असेलच असं नाही. शिवाय एका ठिकाणची दुरुस्ती भलतीकडेच काहीतरी मोडून ठेवते. म्हणून बदल झाला की जुन्या सगळ्या चाचण्या पुन्हा लावायच्या. आमची ती मुलगी सांगते की तिच्याकडे रात्री सगळ्या चाचण्या यंत्रावर लावून ठेवतात, सकाळी आल्यावर हिरवं-लाल बघायचं. सेलेनियम नावाचं 2004 पासूनचं एक साधन आहे, ते माणसासारखी बटणं दाबून बघतं. तिला पहिल्याच महिन्यात शिकवलं ते असं, की नवी चाचणी लिहिली की आधी मुद्दाम चूक करून ती चाचणी लाल होते का ते पाहायचं. कधीच नापास न करणाऱ्या परीक्षकाचा काय भरवसा? आणि सगळंच यंत्राला द्यायचं नाही. पैशाचं आधी, रोज लागणारं आधी. नवं पान पहिल्यांदा आलं की ते माणसानंच हातानं चालवून बघायचं.

पण काय विचारायचं, हे यंत्र आपण होऊन जाणत नाही. गटातल्या बायकांचे ऑनलाइन फॉर्म भरताना मी हे फार पाहिलंय. एका फॉर्ममध्ये आडनाव सक्तीचं, आणि आमच्या एका आजींच्या कागदावर आडनावच नाही. दुसरीचं आधारवर सासरचं नाव, बँकेत माहेरचं. तिसरीच्या नावातलं जोडाक्षर पडद्यावर फुटलेलं. बेरजा सगळ्या बरोबर असणार, चाचण्या हिरव्या असणार, पण लग्नानंतर बाईचं नाव बदलतं हा प्रश्न परीक्षेत कुणी घातलेलाच नाही. आमच्या गावची मुलगी तिथे बसली तर घालेल. त्या आईला मी हेच समजावलं.

तपासणीशिवाय यंत्रावर विश्वास टाकला की काय होतं, ते ब्रिटनच्या टपाल खात्यानं दाखवलं. तिथे 1999 पासून होरायझन नावाची हिशेबाची संगणक यंत्रणा आली. यंत्र तूट दाखवायचं आणि चोरीचा आळ छोटी टपाल कचेरी चालवणाऱ्यांवर यायचा. 2015 पर्यंत नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले. 2010 मध्ये एक गरोदर बाई तुरुंगात गेली. दोष यंत्रणेत होता. 2024 मध्ये तिथल्या संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. नुसत्या पडद्यावरच्या आकड्यावरून एखादीला चोर ठरवणं किती सोपं असतं, हे गटाची खजिनदार झालेल्या कुठल्याही बाईला विचारा.

ग्रेसबाई 1973 मध्ये कॅप्टन झाल्या. त्यांच्या कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ उलटं फिरायचं. वेळ बरोबर दाखवायचं, फक्त काटे उलटे. आजवर असंच चालत आलंय, या सबबीचा त्यांना मनापासून राग होता, आणि ते घड्याळ त्यावरचं उत्तर. भाषणाला गेल्या की सुमारे तीस सेंटिमीटरचे तारेचे तुकडे वाटायच्या. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, वीज जास्तीत जास्त एवढीच धावते, हे समजावं म्हणून. प्रोग्रॅमरनं वेळ वाया घालवला तर किती तार वाया गेली ते दिसायला हवं ना! 1983 मध्ये टीव्हीवर त्यांची मुलाखत लागली आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षांच्या हुकमानं त्या कमोडोर झाल्या. 1985 पासून त्या पदाला रिअर अॅडमिरल म्हणू लागले. 14 ऑगस्ट 1986 रोजी बॉस्टनमध्ये, कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर, 79 व्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. तेव्हा नौदलात कामावर असलेल्या अधिकाऱ्यांमध्ये सगळ्यात वयस्क त्याच होत्या. घरी बसल्या का? छे. एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून रुजू झाल्या.

1 जानेवारी 1992 रोजी, 85 व्या वर्षी, व्हर्जिनियात त्यांचं निधन झालं. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी इतमामात निरोप दिला. पुढे एका युद्धनौकेला त्यांचं नाव दिलं आणि 2016 मध्ये मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदकही मिळालं. कोबोलच्या त्या परीक्षेची पुढची, वाढवलेली आवृत्ती अमेरिकेच्या मानक संस्थेनं सांभाळली. आज कोबोलचा फुकट मिळणारा कंपायलर बनवणारी मंडळी बदल केला की तीच परीक्षा लावून बघतात. तिच्यात नऊ हजारांहून अधिक चाचण्या आहेत.